कर्करोगग्रस्त ज्येष्ठांचे पडणे : खर्चाच्या हिशेबात नसलेला धोका

(बनी पार्क, जयपूर येथे मराठीभाषक ज्येष्ठ नागरिक व त्यांच्या कुटुंबीयांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

कर्करोगाच्या उपचारांची चर्चा सामान्यतः औषधे, शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि या सर्वांवर होणारा खर्च यांभोवती फिरते. ती आवश्यकही आहे. परंतु वयाची साठी ओलांडलेल्या रुग्णाच्या बाबतीत उपचारांची सारी घडी क्षणार्धात विस्कटून टाकणारी एक साधी घटना या चर्चेत क्वचितच येते. ती म्हणजे घरातल्या घरात तोल जाऊन पडणे. न्हाणीघरात पाय घसरतो, उंबरठ्याला ठेच लागते, रात्री लघवीला उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि खुब्याचे हाड मोडते. केमोथेरपी लांबणीवर पडते, रुग्ण अंथरुणाला खिळतो आणि अनेकदा कर्करोगावरील उपचार अर्धवट राहतात.

पडणे हा वार्धक्याचा अपरिहार्य भाग आहे, असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. वस्तुस्थिती तशी नाही. पडण्याची कारणे बहुतांशी ओळखता येतात आणि त्यांपैकी अनेक दूर करता येतात. त्यासाठी लागणारा खर्चही मोठा नाही. मग हा खर्च होत का नाही? तो कोणाच्याच अंदाजपत्रकात बसत नाही, हे त्याचे उत्तर आहे. म्हणूनच हा प्रश्न जितका वैद्यकीय आहे तितकाच अर्थशास्त्रीय आहे.

प्रश्नाची व्याप्ती

२०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची संख्या १० कोटी ३८ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के, तर राजस्थानात साडेसात टक्क्यांच्या आसपास होते. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०५० पर्यंत देशातील दर पाच व्यक्तींमागे एक व्यक्ती साठीच्या पुढची असेल.

कर्करोग हा प्रामुख्याने वाढत्या वयाचा आजार आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाने २०२२ या वर्षात देशात सुमारे १४ लाख ६१ हजार नवे कर्करुग्ण आढळतील असा अंदाज बांधला होता. ज्येष्ठांची संख्या वाढत जाईल तसतसा या रुग्णांमधील ज्येष्ठांचा वाटाही वाढणार, हे उघड आहे.

दुसऱ्या बाजूला पडण्याचे आकडे पाहावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार व्यक्ती पडल्यामुळे मृत्युमुखी पडतात. त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. अनपेक्षित इजांमुळे होणाऱ्या मृत्यूंमध्ये रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो. याच संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार ६५ वर्षांवरील २८ ते ३५ टक्के व्यक्ती वर्षातून किमान एकदा पडतात. वय आणि कर्करोग हे दोन्ही घटक एकाच शरीरात एकत्र येतात, तेव्हा हा धोका आणखी वाढतो.

कर्करोगात तोल का जातो?

याची कारणे समजून घेणे कुटुंबीयांसाठी विशेष महत्त्वाचे आहे, कारण त्यांपैकी बरीचशी घरातच प्रथम लक्षात येतात.

पहिले कारण नसांना होणारी इजा. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन, सिस्प्लॅटिन, व्हिन्क्रिस्टिन, बोर्टेझोमिब यांसारख्या औषधांमुळे हातापायांच्या नसा दुखावतात. तळपायाला मुंग्या येतात, बधिरपणा येतो, पायाखालची जमीन नीट जाणवत नाही. रुग्ण ‘कापसावर चालल्यासारखे वाटते’ असे सांगतो. पायातली चप्पल निसटली तरी त्याला ते कळत नाही. उपचार संपल्यानंतरही ही बधिरता महिनोन् महिने राहू शकते.

दुसरे कारण स्नायूंची झीज. भूक मंदावते, वजन घटते, हालचाल कमी होते. दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडमुळे मांड्यांचे स्नायू दुर्बल होतात आणि खुर्चीवरून उठणे जड जाते.

तिसरे कारण रक्तदाबाचे. उलट्या, जुलाब आणि कमी पाणी पिणे यांमुळे शरीरातील पाणी घटते. झोपून उठताच रक्तदाब उतरतो आणि अंधारी येते. रक्तक्षय असल्यास त्यात भर पडते. जयपूरच्या उन्हाळ्यात हा धोका विशेष असतो. रक्तदाबाची गोळी मात्र पूर्वीच्याच प्रमाणात चालू असते.

चौथे कारण औषधांची गर्दी. मधुमेह, रक्तदाब, संधिवात यांची जुनी औषधे, त्यात वेदनाशामक मॉर्फिन, मळमळ थांबवण्यासाठी दिले जाणारे आणि झोप आणणारे ओलान्झापिन, शिवाय झोपेची गोळी. यांतील प्रत्येक औषध योग्य कारणासाठी दिलेले असते, परंतु ती देणारे डॉक्टर वेगवेगळे असतात आणि सर्व औषधांची यादी एकत्र पाहणारा कोणी नसतो.

पडण्याचे परिणामही कर्करुग्णात अधिक गंभीर असतात. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगात संप्रेरके रोखणाऱ्या आणि स्तनाच्या कर्करोगात दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या-इंजेक्शनांमुळे हाडे ठिसूळ होतात. कर्करोग हाडांत पसरला असेल, तर किरकोळ धक्क्यानेही हाड मोडू शकते. केमोथेरपीमुळे रक्तातील प्लेटलेट कमी झालेल्या असतील, तर डोक्याला लागलेला साधा मारदेखील मेंदूतील रक्तस्रावाला निमित्त होऊ शकतो. त्यामुळे अशा रुग्णाच्या डोक्याला मार लागल्यास, वरून जखम दिसत नसली तरी, त्याला त्वरित रुग्णालयात नेणे आवश्यक आहे.

विचारले जात नाही, सांगितलेही जात नाही

इतके असूनही पडण्याची नोंद रुग्णाच्या कागदपत्रांत क्वचितच आढळते. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना प्रत्येक रुग्णासाठी काही मिनिटेच मिळतात. त्या वेळात गाठीचा आकार, रक्ताचा अहवाल आणि पुढच्या डोसची तारीख एवढेच बोलणे होते.

रुग्णही सांगत नाही. पडलो असे कळले तर मुले एकट्याला बाहेर जाऊ देणार नाहीत, डॉक्टर औषध बंद करतील, सुनेला आणखी त्रास होईल, अशा अनेक शंका त्याच्या मनात असतात. हाती काठी घेणे म्हणजे म्हातारपण मान्य करणे, हा संकोचही असतो. परिणामी पहिले दोन-तीन वेळा झालेले किरकोळ पडणे झाकले जाते. वास्तविक आधी पडलेली व्यक्ती पुन्हा पडण्याचा संभव अधिक असतो. किरकोळ पडणे ही पुढच्या मोठ्या अपघाताची पूर्वसूचना असते, आणि नेमकी तीच वाया जाते.

ही सूचना मिळवण्यासाठी महागड्या तपासणीची गरज नाही. गेल्या वर्षभरात पडलात का? उभे राहताना किंवा चालताना तोल जातो असे वाटते का? पडण्याची भीती वाटते का? हे तीन प्रश्न जगभर वापरले जातात. त्यांपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ आले, तर पुढील तपासणी करावी. ती तपासणीही सोपी आहे. रुग्णाने खुर्चीवरून उठावे, नेहमीच्या चालीने ३ मीटर चालावे, वळावे आणि परत येऊन बसावे. यासाठी १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागत असेल, तर धोका आहे असे समजावे. यासाठी हाताची घड्याळ, एक खुर्ची आणि जमिनीवरची एक खूण पुरते.

मुंबईतील सुरुवात आणि परदेशातील पुरावा

या दिशेने आपल्या देशात काम सुरू झाले आहे. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत असलेल्या परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात २०१८ मध्ये ज्येष्ठ कर्करुग्णांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण सेवा सुरू झाली. तेथे रुग्णाच्या केवळ वयाकडे न पाहता त्याचे चालणे, पडण्याचा पूर्वेतिहास, पोषण, स्मरणशक्ती, मनःस्थिती, चालू औषधे, दैनंदिन कामे करण्याची क्षमता आणि घरचा आधार यांचे मूल्यमापन केले जाते. पंचाहत्तरीचा एखादा गृहस्थ पूर्ण उपचार सहज सोसू शकतो, तर पासष्टीचा दुसरा त्याच उपचाराने कोलमडतो. हा फरक जन्मतारखेवरून कळत नाही, तो या मूल्यमापनातून कळतो.

अशा मूल्यमापनाचा उपयोग होतो का, याचे उत्तर अमेरिकेतील ७१८ रुग्णांच्या एका चाचणीने दिले. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ७० वर्षांवरील, बळावलेल्या कर्करोगाच्या रुग्णांचा समावेश होता. ज्या केंद्रांत डॉक्टरांना मूल्यमापनाचा सारांश आणि त्यावर आधारित सूचना दिल्या गेल्या, तेथे उपचारांचे गंभीर दुष्परिणाम ५१ टक्के रुग्णांत दिसले. जेथे त्या दिल्या गेल्या नाहीत, तेथे हे प्रमाण ७१ टक्के होते. तीन महिन्यांच्या काळात पडलेल्या रुग्णांचे प्रमाण अनुक्रमे १२ व २१ टक्के होते. आयुर्मानावर मात्र त्याचा प्रतिकूल परिणाम झाला नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर येथे नवे औषध आले नाही, नवे यंत्र आले नाही. योग्य वेळी मिळालेल्या माहितीने त्याच उपचारांची हानी कमी केली.

एकवीस दिवसांचा हिशेब

केमोथेरपीचे एक प्रचलित चक्र २१ दिवसांचे असते. त्यातला एक दिवस रुग्ण रुग्णालयात असतो आणि उरलेले २० दिवस घरी. उपचारांच्या खर्चाचे कोष्टक मात्र त्या एका दिवसाचे असते. औषध, सलाईन, खाट आणि तपासण्या यांचे दर त्यात असतात. उरलेल्या २० दिवसांत रुग्ण कोणत्या फरशीवरून चालतो, रात्री दिव्याचे बटण त्याच्या हाताला लागते का, याला कोष्टकात रकाना नाही.

आयुष्मान भारत योजनेचेच उदाहरण घेता येईल. २०१८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता तिचा लाभ खुला करण्यात आला. ज्येष्ठांसाठी हे मोठे पाऊल आहे. परंतु योजनेची रचना रुग्णालयातील उपचारांभोवती आहे. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस एवढाच आगेमागेचा काळ तिच्यात धरला जातो. खुब्याचे हाड मोडले तर शस्त्रक्रियेचे पैसे मिळतात, मात्र ते मोडू नये म्हणून न्हाणीघरात आधाराची दांडी बसवायची असेल तर त्यासाठी तरतूद नाही. दांडी, रबरी चटई आणि रात्रीचा मंद दिवा या तिन्हींचा खर्च काही हजार रुपयांच्या आत भागतो. तो मोडलेल्या हाडाच्या शस्त्रक्रियेच्या कितीतरी पट कमी असतो.

या हिशेबात आणखी एक खर्च धरलेला नसतो, तो म्हणजे घरातील स्त्रीचे श्रम. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरातील बिनमोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर पुरुष ९७ मिनिटे. रुग्ण पडून अंथरुणाला खिळला की त्याला उठवणे, बसवणे, नेणे-आणणे, आंघोळ घालणे ही सारी कामे याच २९९ मिनिटांत भर घालतात. ही शुश्रूषा बहुधा पत्नी, मुलगी किंवा सून करते. पत्नी स्वतःच सत्तरीची असेल, तर रुग्णाला सावरताना तीही पडण्याची शक्यता असते. मुलगी नोकरी करणारी असेल, तर रजा आणि शेवटी नोकरीही जाते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकडेवारीत या हानीची नोंद होत नाही, पण कुटुंबाच्या उत्पन्नाला तिची झळ बसते.

बनी पार्कसारख्या वस्तीतील घर

बनी पार्क ही जयपूरच्या परकोटाबाहेरची जुनी, प्रशस्त वस्ती आहे. एकीकडे रेल्वे स्थानक आणि दुसरीकडे सिंधी कॅम्प बसस्थानक असल्यामुळे बाहेरगावाहून उपचारांसाठी जयपूरला येणाऱ्या अनेक रुग्णांचे पहिले पाऊल याच परिसरात पडते. म्हणून येथे दोन प्रकारच्या ज्येष्ठांचा विचार करावा लागतो : स्वतःच्या जुन्या घरात राहणारे, आणि उपचारांपुरते नातेवाइकांकडे किंवा धर्मशाळेत उतरलेले.

जुनी घरे वारा आणि सावली यांचा विचार करून बांधलेली आहेत, परंतु त्यांची रचना तोल गमावलेल्या पायांसाठी झालेली नाही. गुळगुळीत संगमरवरी फरशी ओली झाली की घसरते. दर खोलीला उंबरठा असतो. स्वच्छतागृह पुष्कळदा झोपण्याच्या खोलीपासून दूर असते आणि तेथे उकिडवे बसावे लागते. उठताना धरायला नळाशिवाय काही नसते. हिवाळ्यात सकाळचे ऊन घेण्यासाठी गच्चीवर जायचे तर कठडा नसलेला जिना चढावा लागतो. नातेवाइकांकडे उतरलेल्या रुग्णाची अडचण निराळी असते. घर अनोळखी असते आणि अंधारात दिव्याचे बटण कोठे आहे हे त्याला ठाऊक नसते. मुंबईत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून उपचार घेणाऱ्या रुग्णांच्या बाबतीतही हीच गोष्ट लागू पडते.

घरातील परिस्थितीला अनुरूप उपाय शोधण्याची परंपरा जयपूरला नवी नाही. सवाई मानसिंह रुग्णालयातील डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी विकसित केलेला ‘जयपूर फूट’ जगभर गेला. डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हा पाय गोरगरिबांपर्यंत मोफत पोहोचवला. त्याचे यश केवळ कमी किमतीत नव्हते. आपला माणूस मांडी घालून बसतो, उकिडवा बसतो, अनवाणी चालतो, हे ध्यानात घेऊन तो घडवला गेला होता. पडण्याच्या प्रतिबंधालाही हाच न्याय लावला पाहिजे. परदेशी पुस्तिकेतील गालिचे उचलण्याचा सल्ला येथे पुरेसा नाही. येथे उंबरठ्यावर ठळक रंगाचा पट्टा, बादलीच्या आंघोळीसाठी भक्कम स्टूल, भारतीय शौचकूपावर ठेवता येणारी खुर्ची, फरशी पुसण्याच्या वेळा आणि मागे पट्टा असलेली चप्पल यांचा विचार करावा लागेल.

योजना आहेत, जोड हवी

ज्येष्ठांसाठी शासनाच्या योजना नाहीत असे नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत अल्प उत्पन्न गटातील ज्येष्ठांना काठी, वॉकर, चाकांची खुर्ची, चष्मा, श्रवणयंत्र इत्यादी साधने विनामूल्य दिली जातात. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजनेखाली ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना अशा साधनांसाठी एकवेळ ३ हजार रुपये थेट खात्यात देण्याची तरतूद केली. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या वृद्ध आरोग्य सेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत प्रादेशिक केंद्रांसाठी निवडलेल्या संस्थांमध्ये मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व जोधपूरचे डॉ. एस. एन. वैद्यकीय महाविद्यालय यांचा समावेश आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या विस्तारित सेवांमध्ये ज्येष्ठांची काळजी आणि उपशामक सेवा या दोहोंचा अंतर्भाव आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय मदत क्रमांकही आहे.

उणीव आहे ती या सर्वांना जोडणाऱ्या दुव्याची. कर्करोग रुग्णालयाला वयोश्री योजनेची माहिती नसते, साधने वाटणाऱ्या शिबिराला कोणाची केमोथेरपी चालू आहे हे ठाऊक नसते आणि गावच्या आशा कार्यकर्तीकडे शहरातून घरी परतलेल्या रुग्णाची नोंद पोहोचत नाही. ही जोड घालण्यासाठी पुढील उपाय विचारात घेता येतील.

१. साठीपुढील प्रत्येक कर्करुग्णाला उपचार सुरू करण्यापूर्वी आणि प्रत्येक चक्राच्या वेळी पडण्याविषयीचे तीन प्रश्न विचारावेत व उत्तरांची नोंद केसपेपरवर करावी. हे काम परिचारिका करू शकते. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमध्ये तीनशेहून अधिक केंद्रे आहेत. एक समान नमुना ठरवल्यास तो तेथे अल्पावधीत लागू होऊ शकेल.

२. रुग्णाच्या सर्व औषधांची यादी एकत्र करून ती कर्करोगतज्ज्ञाला दाखवावी. वेदनाशामके परस्पर बंद करणे हा उपाय नव्हे. वेदनेमुळेही चाल बिघडते. मात्रा आणि वेळ डॉक्टरांनीच ठरवावी.

३. रुग्णाला जपण्याच्या भावनेने अंथरुणावरच ठेवू नये. निजून राहिल्याने स्नायू अधिक झिजतात. शंभराहून अधिक चाचण्यांच्या २०१९ मधील एकत्रित विश्लेषणात ज्येष्ठांमधील पडण्याचे प्रमाण व्यायामाने सुमारे एक-चतुर्थांशाने घटल्याचे दिसले. आधार धरून टाचा उचलणे, खुर्चीवरून उठबस करणे यांसारखे व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने घरी करता येतात. कर्करोग हाडांत पसरला असल्यास मात्र हा सल्ला घेतल्याशिवाय सुरुवात करू नये.

४. केमोथेरपीच्या पॅकेजमध्ये घराच्या सुरक्षिततेसाठी अल्प रक्कम एकदाच समाविष्ट करावी, अथवा कर्करोग रुग्णालयातच वयोश्री योजनेची नोंदणी करण्याची सोय करावी.

५. रुग्ण घरी परतल्यावर आशा कार्यकर्तीने एकदा घर पाहून यावे आणि त्यासाठी तिला स्वतंत्र मानधन द्यावे. कामाचे ओझे वाढवून मोबदला न वाढवल्यास ही सूचना कागदावरच राहील.

६. ज्येष्ठ नागरिक संघांनी वस्तीपातळीवर एक सुतार, एक नळजोडणी करणारा आणि एक वीजतंत्री यांची यादी ठेवावी. दांडी बसवणे, दिवा लावणे आणि नळ दुरुस्त करणे ही कामे एका दिवसात होणारी आहेत. एकट्या ज्येष्ठाला माणूस मिळत नाही म्हणून ती राहून जातात.

यांपैकी शेवटच्या सूचनेसाठी शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. बनी पार्कसारख्या वस्तीत ती याच महिन्यात अमलात आणता येईल. उर्वरित सूचनांसाठी आरोग्य आणि सामाजिक न्याय या दोन खात्यांनी एकत्र बसणे आवश्यक आहे.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चात लोकांनी खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही प्रगती रुग्णालयाच्या दारापर्यंत दिसते. दाराबाहेरचे २० दिवस अजून कुटुंबाच्याच माथी आहेत. कर्करोगावर महागडे उपचार करून वाचवलेला माणूस ओल्या फरशीवर गमावणे कोणत्याही अर्थव्यवस्थेला परवडणारे नाही. म्हणून ज्येष्ठ कर्करुग्णाच्या उपचारांचा आराखडा त्याच्या घराचा विचार करूनच आखला गेला पाहिजे.